अडत दुकानाच्या ॲपची राऊटिंग फेरमांडणी : प्रकल्प नोंदी, सांगली

६ जानेवारी २०२५

आजपासून राऊटिंगची, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणतं पान दाखवायचं त्या व्यवस्थेची, फेरमांडणी. नवी हळद यार्डात यायला लागली की दुकानात कुणालाच आमच्यासाठी वेळ नसतो, म्हणून जे मोडायचंय ते जानेवारीतच मोडायचं.

ॲप हळदीच्या अडत दुकानांसाठीचं. आवक, लॉट, सौदा, वजन, शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद), खरेदीदाराचं बिल, उचल, साठा. दुकानात ते दोन जागी चालतं: दिवाणजींच्या टेबलावरच्या संगणकावर आणि काट्याजवळ वजन लिहिणाऱ्या पोराच्या फोनवर. शेठ फोनवर फक्त भाव बघतात, बाकीचं दिवाणजींना विचारतात.

दिवाणजींची तक्रार जशीच्या तशी: "सौदा उघडतो, बघतो, मागं येतो, तर यादी परत वर! पुन्हा राजापुरी निवडा, पुन्हा खाली जावा. आवक वाढल्यावर हे कसं परवडायचं ओ?" दुसरी तक्रार त्यांनी केली नाही, पण शेजारी बसल्यावर दिसली. वरची भावपट्टी प्रत्येक क्लिकला क्षणभर 'जोडत आहे' म्हणते आणि मग परत येते. त्यांना त्याची सवय झालीये, हे जास्त वाईट.

कोडमध्ये राऊटांची, म्हणजे पत्ता आणि त्याचं पान अशा जोड्यांची, एक लांबलचक सपाट यादी आहे. पान वाढलं की खाली एक ओळ वाढली. आणि प्रत्येक पान स्वतःच्या आत लेआउट (मेनू आणि भावपट्टीची चौकट) बोलावतं, त्याच्या पोटात आपला मजकूर ठेवतं. एकेक पान सुटं वाचलं तर यात काही वावगं दिसत नाही.

७ जानेवारी

लेआउट पडद्यावर येताना आणि जाताना कन्सोलवर एकेक ओळ छापायला लावली आणि यादीतून सौद्यावर गेलो. 'गेला', 'आला'. मागे आलो. पुन्हा 'गेला', 'आला'. मेनू तोच, भावपट्टी तीच, रंगाचा एक ठिपका बदललेला नाही, आणि तरी सगळं उखडून नव्याने लावलं जातंय.

कारण सरळ आहे. रिॲक्ट, म्हणजे पडदा रचणारी आमची जावास्क्रिप्ट लायब्ररी, पडद्यावरच्या तुकड्यांचं आधीचं झाड आणि नवं झाड वरून खाली ताडून बघते. एखाद्या जागी कंपोनंटचा, म्हणजे अशा तुकड्याचा, प्रकार बदलला की त्याखालचं काहीही तपासत बसत नाही, सगळं काढून टाकतं. आमच्याकडे वर बसलंय 'सौदायादी' नावाचं पान, नंतर त्या जागी येतं 'सौदातपशील'. प्रकार बदलला. दोघांच्या पोटात एकच लेआउट आहे हे बघायला रिॲक्ट तिथपर्यंत पोचतच नाही. लेआउट गेला की त्यातली गाळणी (राजापुरी वाण वगैरे जे निवडलं ते) गेली, यादीची सरकलेली जागा गेली, भावांसाठी उघडलेलं वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत चालू राहणारी जोडणी) बंद झालं.

आमच्या टीममधल्या धाकट्याने लगेच उपाय सुचवला: "दादा, राऊटच्या ओळीतच लेआउट लिहू आणि त्याच्या आत पान. मग प्रकार बदलणार नाही." बरोबर आहे, करून बघितलं, लेआउट टिकतो. पण तो टिकतो योगायोगाने, सगळ्या ओळी एकसारख्या लिहिल्यात म्हणून. उद्या कुणी एका राऊटला मध्ये आणखी एक गुंडाळी घातली की तेवढ्यापुरता आजार परत, आणि कुठून आला ते कळणार नाही. टिकणं हे रचनेतच लिहिलेलं हवं.

९ जानेवारी

आज कोड नाही, फक्त फळा. प्रश्न एकच विचारत गेलो: इथून तिथे जाताना पडद्यावरचं काय हलता कामा नये?

आतापर्यंत आम्ही उलट विचार करत होतो. यूआरएल कसा दिसतो ते आधी ठरवायचं आणि पान त्यावर टांगायचं. यूआरएलचं झाड आणि चौकटींचं झाड ही दोन वेगळी झाडं आहेत. बहुतेक ठिकाणी ती एकमेकांवर बसतात, म्हणून फरक जाणवत नाही. जिथे बसत नाहीत तिथेच आमच्या सगळ्या तक्रारी आहेत.

फळ्यावर उरलेलं चित्र (पत्ते इथे वाचायला सोपे म्हणून देवनागरीत, कोडमध्ये रोमन आहेत):

पहारा, पत्ता नाही
— दुकान लेआउट, पत्ता नाही: मेनू, भावपट्टी, सॉकेट
—— /सौदे, सौदे लेआउट: डावीकडे यादी, उजवीकडे आउटलेट
——— मूळ पान: 'सौदा निवडा'
——— नवा
——— :सौदा (इथे सौद्याचा क्रमांक येतो), आणि त्याखाली वजन, पट्टी
—— /खाती, /उचल, /साठा
— छपाई लेआउट, पत्ता नाही
— काटा लेआउट, पत्ता नाही: फोनसाठी
/प्रवेश, सगळ्याच्या बाहेर

आउटलेट म्हणजे आईबापाच्या चौकटीतली मोकळी सोडलेली जागा, जिथे लेकराचं पान येऊन बसतं. ही मांडणी रिॲक्ट राऊटरच्या (राऊटिंगसाठी आम्ही वापरतो त्या लायब्ररीच्या) ६व्या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, याच रूपात आहे. पत्ता नसलेला राऊट हा यातला सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा भाग. तो यूआरएलमध्ये एक अक्षरही घालत नाही, फक्त चौकट देतो.

सातवी आवृत्ती गेल्या नोव्हेंबरात आली. तिच्यात फाइलींच्या नावांवरून राऊट बनवायची सोय आहे. घेत नाही. आमच्याकडे दोन झाडं वेगळी पडणाऱ्या जागा बऱ्याच आहेत, आणि त्या फाइलनावात सांगायच्या तर कुठे पुढे अंडरस्कोर, कुठे मागे अंडरस्कोर. सहा महिन्यांनी ते वाचणाऱ्याची दया येते. एका फाइलीत डोळ्यांसमोर झाड असलेलं बरं.

साठ्याच्या पानाला गोदाम, शीतगृह आणि पेव असे तीन वेगळे राऊट होते, तिन्हींचा कोड जवळजवळ तोच. आता एकच, ठिकाण पॅरामीटरमध्ये, म्हणजे पत्त्यातल्या बदलत्या भागात. 'पेव' काढायचं का, असं दिवाणजींना विचारलं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची, आता त्यांच्या दुकानाचा माल गोदामात जातो. म्हणाले, राहू द्या, जुन्या नोंदी आहेत. राहू दिलं.

१३ जानेवारी

मुख्य झाड उभं राहिलं. कन्सोलवर 'आला' एकदा छापलं जातं आणि मग शांतता. भावपट्टी लुकलुकत नाही. डावीकडची यादी जिथे सोडली तिथेच उभी राहते, आणि त्यासाठी एक ओळ वेगळी लिहावी लागली नाही.

पहारा, म्हणजे प्रवेश केलाय का ते बघणारा राऊट, सगळ्यात वर ठेवलाय. पूर्वी तीच तपासणी प्रत्येक पानात होती आणि उचलीच्या पानात ती नव्हतीच. प्रवेशाशिवाय सर्व्हर आकडे देत नव्हता म्हणून निभावलं. प्रवेशाकडे पाठवताना इतिहासात नवी नोंद न घालता आधीची बदलायची, नाहीतर मागचं बटण दाबलं की पहारा पुन्हा प्रवेशाकडे ढकलतो आणि माणूस तिथेच गोल फिरतो. कुठून आला होता तो पत्ता सोबत द्यायचा, म्हणजे प्रवेश झाल्यावर तिथेच नेता येतं.

१५ जानेवारी

पट्टीची छपाई. शेतकऱ्याच्या हातात जाणारा कागद: पोती, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, उचल वजा, खाली निव्वळ रक्कम. आतापर्यंत मेनू आणि भावपट्टी छपाईच्या सीएसएसने लपवत होतो आणि दर महिन्याला काहीतरी नवं डोकं वर काढायचं.

पत्ता '/सौदे/४१२/पट्टी/छापा' असाच हवा. दिवाणजी पत्त्याच्या पट्टीत शेवटचा शब्द हाताने खोडून पट्टीवर परत येतात, हे बघितलंय. पण चौकट सौद्यांची नको. म्हणून हा राऊट छपाई लेआउटखाली पूर्ण पत्त्यासह लिहिला. दिसतो सौद्यांच्या घरातला, राहतो बाहेर.

धाकट्याची शंका रास्त होती: दोन वेगळ्या फांद्या '/सौदे' ने सुरू होतात, मग कोणती लागणार? जुन्या ५व्या आवृत्तीत वरून खाली पहिला जुळेल तो लागायचा, म्हणून ओळींचा क्रम जपावा लागायचा. ६ पासून राऊटर सगळ्या शक्यतांना गुण देतो आणि जास्त नेमका पत्ता जिंकतो. ठरलेला शब्द पॅरामीटरपेक्षा वरचढ. त्यामुळे 'नवा' हा ':सौदा' च्या खाली लिहिला तरी 'नवा' क्रमांकाचा सौदा शोधायला कुणी जात नाही. तरी वाचणाऱ्यासाठी आम्ही 'नवा' वरच ठेवलाय.

१७ जानेवारी

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

काटा लेआउटची चाचणी. फोनवर एका लॉटची पोती एकेक करून तोलायची, वजन टाकायचं, 'पुढचा लॉट' दाबायचं. लॉट ३८ मध्ये सहा पोत्यांची वजनं टाकली, जतन न करता पुढे गेलो. वर नाव लॉट ३९ च्या शेतकऱ्याचं, वाण बदललेलं, पत्ता बदललेला. आणि खाली चौकोनांत ३८ ची सहा वजनं तशीच. ५१.३, ५०.८, पुढे सगळी.

हे जतन झालं असतं तर एका शेतकऱ्याचं वजन दुसऱ्याच्या पट्टीवर गेलं असतं. लुकलुकणारी भावपट्टी हा गैरसोयीचा प्रश्न होता, हा पैशाचा आहे.

गंमत म्हणजे हा बिघाड नाही. आम्ही जे मागितलं तेच मिळालंय. '/काटा/३८' वरून '/काटा/३९' वर जाताना राऊट तोच, कंपोनंट तोच, फक्त पॅरामीटर वेगळा. प्रकार बदलला नाही, म्हणून रिॲक्टने काही काढलं नाही. जुन्या सपाट यादीतही हे असंच वागलं असतं, पण तिथे 'पुढचा लॉट' बटणच नव्हतं. पोरगा यादीवर परत जायचा, पान उखडायचं आणि चौकोन आपोआप रिकामे व्हायचे.

उपाय: वजनाच्या फॉर्मला लॉट क्रमांकाची 'की' (key, म्हणजे ओळखखूण) द्यायची. की बदलली की रिॲक्ट त्याला वेगळा समजतो आणि नव्याने उभा करतो. वादावादी झाली ती ही 'की' कुठे द्यायची यावर. लेआउटलाच दिली तर एका ओळीत सगळी पानं निर्धोक होतात, असं म्हणणं पडलं. होतात, पण मग प्रत्येक लॉटला भावपट्टी पुन्हा 'जोडत आहे'. की जितकी खाली देता येईल तितकी खाली, जिथे माणूस हाताने काही लिहितो नेमकी तिथे. उचल, खाती, नवा सौदा ही सगळी पानं याच नजरेने तपासली. उचलीतही तेच निघालं असतं, की घातली.

फळ्यावरच्या प्रश्नाखाली दुसरा लिहिला: आणि काय हललंच पाहिजे?

२१ जानेवारी

गाळणी यूआरएलमध्ये नेली. वाण, तारीख, खरेदीदार हे सगळं आता प्रश्नचिन्हाच्या पुढे. रिफ्रेश केलं तरी टिकतं आणि शेठना "हे बघा" म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवता येतं.

दोन बारीक गोष्टी. यादीतून सौद्यावर जाणारी लिंक प्रश्नचिन्हापुढचा भाग आपोआप सोबत नेत नाही, तो हाताने द्यावा लागतो. नाहीतर सौदा उघडताच डावीकडची यादी गाळणीविना भरते आणि दिवाणजींची मूळ तक्रार नव्या कपड्यात परत. दुसरी, शोधाच्या चौकोनात टाइप करताना दर अक्षराला इतिहासात नोंद पडू द्यायची नाही, आधीची बदलत राहायची. नाहीतर 'राजापुरी' लिहिलं की मागे जायला आठ वेळा बटण.

पत्ते मराठीतच ठेवू या, अशी इच्छा आमच्यातल्या दोघांची होती. ब्राउझरच्या पट्टीत ते सुंदर दिसतात. पण कॉपी करून पाठवले की प्रत्येक देवनागरी चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'सौदे' मध्ये चार चिन्हं, झाली छत्तीस. 'राजापुरी' ची बहात्तर. एका गाळणीचा पत्ता फोनवर चार ओळी टक्क्यांनी भरलेला आला आणि शेठनी उत्तर पाठवलं, "व्हायरस आहे का?" पत्ते रोमन, वाणांना छोटे कोड. विषय संपला.

२३ जानेवारी

फोनवर सरकण्याची जागा. संगणकावर यादीचा रकाना आतल्या आत सरकतो आणि तो जागेवरून हलत नाही, त्यामुळे प्रश्नच नाही. फोनवर एका वेळी एकच रकाना दिसतो, तिथे अख्खं पान सरकतं. राऊटरचा जागा लक्षात ठेवणारा तयार कंपोनंट फक्त खिडकीचं सरकणं सांभाळतो, आतल्या डब्याचं नाही. म्हणून फोनवरच्या लेआउटमध्ये आतले सरकणारे डबे काढून टाकले, खिडकीलाच सरकू दिलं. मग तो कंपोनंट नीट चालला.

खरेदीदार निवडायचा खालून वर येणारा पट्टा आता स्वतःचा राऊट आहे. अँड्रॉइडवर सगळे पट्टा बंद करायला मागचं बटणच दाबतात, आणि पूर्वी त्याने अख्खा सौदाच बंद व्हायचा. आता पट्टा बंद होतो, सौदा तिथेच राहतो.

२४ जानेवारी

पानांचा कोड गरजेपुरता उतरवणं आणि चुका झेलणं, दोन्ही त्या त्या राऊटवर दिलं. कोड येईपर्यंत आधीचं पान दिसत राहतं, वर एक बारीक रेघ पळते. चूक झेलणारा पडदा लेकरांच्या राऊटवर आहे, म्हणून पट्टीचा हिशेब फुटला तरी मेनू आणि यादी जागेवर राहतात आणि दिवाणजी दुसरा सौदा उघडू शकतात. सगळ्यात वर एक आहेच, तिथवर जायची वेळ येऊ नये.

२८ जानेवारी

सर्व्हर. '/सौदे/४१२' वर रिफ्रेश केलं की ४०४ ('सापडलं नाही'), कारण सर्व्हरवर अशी फाइल नाही. पत्ता ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला कळतो, सर्व्हरला नाही. एनजिनएक्सला (आमच्या वेब सर्व्हरला) सांगायचं: फाइल असली तर दे, नसली तर मुख्य एचटीएमएल दे. इथवर सगळे करतात.

पुढचा भाग यार्डात सापडला. चाचणीची नवी आवृत्ती चढवली तेव्हा दिवाणजींचा टॅब सकाळपासून उघडा होता. त्यांनी खाती दाबलं, त्या टॅबने जुन्या नावाची जावास्क्रिप्ट फाइल मागितली. फाइलींच्या नावात हॅश (मजकुरावरून बनलेली खूण, मजकूर बदलला की तीही बदलते) असतो, नव्या बिल्डमध्ये ते नाव उरलेलंच नाही. सर्व्हरने नियमाप्रमाणे मुख्य एचटीएमएल दिलं, वर २०० चा, म्हणजे 'ठीक आहे' चा, शिक्का. ब्राउझरने जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल बघून ते नाकारलं. दिवाणजींच्या समोर चूक झेलणारा पडदा आला, आमच्या सर्व्हरच्या नोंदीत सगळं आलबेल.

बदल तीन. फाइलींच्या फोल्डरला तो नियम लागू नाही, तिथे नसलेल्याला सरळ ४०४. मुख्य एचटीएमएल दरवेळी सर्व्हरला विचारूनच वापरायचं, हॅशवाल्या फाइली खुशाल वर्षभर कॅशमध्ये. आणि नवी आवृत्ती चढवताना आधीच्या बिल्डच्या फाइली लगेच पुसायच्या नाहीत. शिवाय चूक झेलणाऱ्या पडद्यावर 'नवी आवृत्ती आली आहे, पुन्हा उघडा' असं बटण. त्याच्यावर दिवाणजींनी लगेच बोट ठेवलं: "आलीय कळलं, पण माझं लिहिलेलं जाईल का?"

३१ जानेवारी

धाकटा 'मागे' लिंकवरून अडला. दोन टिंबं दिली की पट्टीवरून सौद्यावर जायला हवं, ती थेट यादीवर जाते. राऊटरची दोन टिंबं यूआरएलमधला एक तुकडा मागे जात नाहीत, राऊटांच्या झाडात एक पायरी वर जातात. पट्टी जर ':सौदा/पट्टी' अशी एका दमात लिहिली असेल तर एका पायरीत दोन्ही तुकडे गळतात. तुकड्याने मोजायचं असेल तर लिंकला तसं सांगता येतं. आम्ही त्याऐवजी झाडच नीट केलं, पट्टी ':सौदा' च्या पोटात घातली.

४ फेब्रुवारी

एका दुकानात चालू केलं. यार्डात नव्या हळदीची पोती दिसायला लागलीत. दिवाणजींनी यादी, सौदा, यादी असं बराच वेळ करून बघितलं आणि मग वेगळीच मागणी काढली: टॅबवर सगळीकडे दुकानाचंच नाव येतं, चार टॅब उघडले की ओळखायचे कसे? एकपानी ॲपमध्ये पान बदललं म्हणून शीर्षक आपोआप बदलत नाही. प्रत्येक राऊटला शीर्षक जोडलं आणि दुकान लेआउट जुळलेल्या राऊटांमधून सगळ्यात आतलं उचलून टॅबवर लावतो. 'सौदा ४१२, पट्टी'. त्याच माहितीतून वरची वाट दाखवणारी ओळही फुकटात झाली.

अर्धवट वजनाचा प्रश्न उरलाय, आणि दिवाणजींनी २८ ला विचारलेलं तेच. राऊटर ॲपच्या आत दुसरीकडे जाताना अडवू शकतो, 'जतन केलं नाही, जायचं का?' पण टॅब बंद होणं, रिफ्रेश, फोनने मागे पडलेला ब्राउझर मारून टाकणं, हे त्याच्या हातात नाही. त्यासाठी ब्राउझरचा स्वतःचा इशारा आहे, पण फोनवर त्याचा भरवसा नाही. आणि काट्यापाशी हमाल पोतं धरून उभा असताना 'जायचं का' विचारणारा चौकोन कुणी वाचत नाही, होय दाबून मोकळा होतो.

म्हणून अडवणं नको, असं ठरवलं. प्रत्येक पोत्याचं वजन टाकताक्षणी फोनवरच लॉट क्रमांकाच्या नावाने साठवायचं, फॉर्म उभा राहताना त्याच क्रमांकाचं काही पडलंय का बघून भरायचं, आणि सर्व्हरने पोच दिल्यावरच पुसायचं. की आणि साठवणीचं नाव, दोन्हींत लॉट क्रमांक एकाच जागेवरून घ्यायचा, राऊटच्या पॅरामीटरवरून. धाकटा उद्यापासून हे घेतोय.